अकरा दिवसांची वाट आणि चाळीस वर्षे

वाचक भगिनीचे पत्र (संक्षिप्त)

मी अहिल्यानगर जिल्ह्यातील आमच्या मंडळीत संडे स्कूलचा मोठ्या मुलांचा वर्ग घेते. माझ्या पतींची एमआयडीसीतील नोकरी दीड वर्षापूर्वी गेली, आणि अजून धड काम मिळालेले नाही. मागच्या महिन्यात आमच्या घरी कॉटेज प्रार्थना होती. प्रार्थना करताना मला रडू आवरले नाही, आणि ‘देवा, आणखी किती दिवस?’ असे मी म्हणून गेले. सभा संपल्यावर मंडळीतील एक वडील (जबाबदारीच्या पदावरील ज्येष्ठ सभासद) सर्वांसमोर म्हणाले, ‘इस्राएल लोकांना अकरा दिवसांच्या वाटेला चाळीस वर्षे लागली, ती कुरकुरीमुळे. तुमचे अरण्यही तुमच्याच तोंडाने लांबते आहे.’ त्या दिवसापासून माझे पती उपासनेला आलेले नाहीत. पुण्यात इतिहास शिकणारा माझा मुलगा म्हणतो की, हा प्रवास झालाच नाही, वाळवंटात त्याचा काही पुरावा नाही, मग आई, तू मनाला लावून कशाला घेतेस? जूनपासून मला वर्गात हाच भाग शिकवायचा आहे. त्या वडिलांचे म्हणणे शास्त्राला धरून आहे का? आणि मुलांना मी काय सांगावे?

उत्तर

भगिनी, सप्रेम सलाम.

त्या वडिलांनी सांगितलेले अकरा दिवस शास्त्रात आहेत. जुन्या करारातील अनुवाद या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायाच्या दुसऱ्या वचनात होरेबापासून, म्हणजे सीनायपासून, सेईर डोंगराच्या मार्गाने कादेश-बर्ण्यापर्यंतची वाट अकरा दिवसांची असल्याचे लिहिले आहे. पण ही वाट मिसरपासून (इजिप्तपासून) देवाने देऊ केलेल्या कनान देशापर्यंतची नाही. ती सीनायपासून कनानच्या दक्षिण सीमेपर्यंतची आहे, आणि इस्राएल लोक ती मिसरच्या गुलामीतून निघाल्यानंतर दुसऱ्याच वर्षी चालून गेले होते. दुसऱ्या वर्षाच्या दुसऱ्या महिन्याच्या विसाव्या दिवशी त्यांनी सीनायचा तळ हलवला, आणि कादेशाहून हेर पाठवले गेले तेव्हा द्राक्षे नुकती पिकू लागली होती, असे गणना या पुस्तकात नमूद आहे. म्हणजे ज्या वाटेला चाळीस वर्षे लागल्याचे आपणास आपल्याच घरात, चारचौघांत ऐकवले गेले, त्या वाटेला फार तर काही महिने लागले. लोक सीमेवर पोहोचले होते. त्यापुढे जे बिनसले त्याचा संबंध चालण्याच्या वेगाशी नाही.

कादेश येथे काय बिनसले ते गणनेच्या १३ व्या आणि १४ व्या अध्यायांत सविस्तर आले आहे. बारा हेर चाळीस दिवस देश पाहून आले, दोघांनी मिळून दांड्यावर वाहून आणावा लागला एवढा मोठा द्राक्षांचा घड त्यांनी आणून दाखवला, आणि त्यांपैकी दहा जणांनी सांगितले की तेथील लोकांपुढे आपण टोळांसारखे आहोत. लोक रात्रभर रडले, आणि सकाळी आपण एक पुढारी नेमून मिसरास परत जावे असे एकमेकांना म्हणू लागले. ‘भिऊ नका’ असे सांगणाऱ्या यहोशवा व कालेब यांना धोंडमार करण्यापर्यंत गोष्ट गेली. चाळीस वर्षांचा निकाल यानंतर आला आहे. त्या निकालात ‘कुरकुर’ हा शब्द आहे, १४ व्या अध्यायाच्या २७ व्या व २९ व्या वचनांत तो स्पष्ट आहे, आणि प्रेषित पौलानेही करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात इशारा देताना तोच पुढे केला आहे. तेव्हा त्या वडिलांनी तो पदरचा घातला, असे मी म्हणणार नाही. पण कादेश येथील कुरकूर म्हणजे दुःखाने फुटलेला हुंदका नव्हता. गुलामी बरी होती असा निर्णय, त्या निर्णयासाठी नवा पुढारी नेमण्याचा बेत आणि विरोध करणाऱ्यांच्या जिवावर उठणे, एवढे सगळे त्या एका शब्दाच्या पोटात आहे. आपण प्रार्थनेत ‘आणखी किती दिवस’ असे देवालाच विचारलेत. ही दोन बोलणी एकाच तागडीत घालणे हा वाचनातला आळस आहे, आणि तो दुसऱ्याच्या जिवाला लागला म्हणून मी थोडे कडक लिहीत आहे.

अरण्यातील तक्रारी ज्या क्रमाने येतात त्या क्रमाने आपण एकदा कागदावर उतरवून काढाव्यात, कारण त्या क्रमातच बराचसा अर्थ दडलेला आहे. तांबड्या समुद्राच्या काठी, मागून मिसरचा राजा फारो याचे रथ येताना दिसले तेव्हा लोक आपला पुढारी मोशे याला म्हणाले, मिसरात कबरा नव्हत्या म्हणून का तू आम्हांला मरायला रानात आणलेस? इतक्या झोंबणाऱ्या बोलण्याला उत्तर मिळाले ते धीराचे, आणि मग समुद्रातून वाट झाली. मारा येथे पाणी कडू निघाले, लोकांनी कुरकुर केली आणि पाणी गोड झाले. सीन नावाच्या रानात मिसरातील मांसाच्या हंड्यांची आठवण निघाली, पुन्हा कुरकुर झाली, आणि संध्याकाळी लावे व सकाळी मान्ना, म्हणजे आकाशातून पडणारे अन्न, आला; इस्राएल लोकांची कुरकुर मी ऐकली आहे, असे परमेश्वर तेथे म्हणतो, आणि ऐकले म्हणून जेवायला घालतो. रफीदीम येथे पाण्यावरून भांडण इतके पेटले की हे आता मला दगड मारतील, असे मोशे म्हणाला, आणि खडकातून पाणी निघाले. सीनायला पोहोचेपर्यंत चार वेळा लोकांनी तोंड उघडले आणि चारही वेळा त्यांची गरज भागली. तक्रार केली म्हणून या चार ठिकाणी एकही माणूस दगावला नाही. ‘कुरकुर केली की देव शिक्षा करतो’ हा जर अरण्याचा नियम असता, तर हे चारही प्रसंग सांगणारे निर्गम या पुस्तकाचे १४ ते १७ हे अध्याय काढून टाकावे लागले असते.

कुरकुरीवर शिक्षा सुरू होते ती सीनाय सोडल्यानंतर. (सोन्याच्या वासराचा प्रकार सीनायवरच घडला, पण तो मूर्तिपूजेचा आहे, त्याचा येथे संबंध नाही.) तबेरा येथे छावणीच्या कडेला आग लागली, आणि पुढे किब्रोथ-हत्तव्वा येथे मांस दातांत आहे तोच मरी आली. असा फरक का पडला, याचे पारंपरिक उत्तर असे की मधल्या काळात सीनायवर करार झाला होता. आधीचे लोक नुकते सुटलेले गुलाम होते, नंतरचे लोक शब्द दिलेले लोक होते. आधुनिक अभ्यासकांपैकी अनेकांना येथे दोन वेगवेगळ्या परंपरा एकत्र गुंफलेल्या दिसतात, एक अरण्याकडे मायेने पाहणारी आणि दुसरी कठोरपणे. दोन्ही उत्तरे विचारात घेण्याजोगी आहेत. मला स्वतःला मात्र त्याहून साधी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते: गणनेच्या ११ व्या अध्यायात लोक उपाशी नाहीत. मान्ना रोज पडतो आहे. त्यांना हवे आहेत ते मिसरातील मासे, काकड्या, खरबुजे, कांदे आणि लसूण, आणि हे सगळे आम्ही तेथे फुकट खात होतो, असे ते म्हणतात. विटा पाडून पाठ मोडलेली माणसे त्या जेवणाला ‘फुकट’ म्हणत आहेत. लिहिणाऱ्याने यावर एका शब्दाचेही भाष्य केलेले नाही, आणि ते करण्याची गरजही नव्हती. पुढे १६ व्या अध्यायात मोशेविरुद्ध उठलेल्या दाथान व अबीराम यांनी तर कमालच केली. दुधामधाचा देश हे वर्णन त्यांनी सरळ मिसरलाच लावून टाकले.

त्याच ११ व्या अध्यायात आणखी एक तक्रार आहे, आणि ती मोशेची आहे. या सगळ्या लोकांना मी का जन्म दिला, दाईने तान्हे मूल उराशी धरावे तसे मी यांना किती वाहू, एवढे मांस कोठून आणू, मला एकट्याला हे झेपत नाही, आणि असेच वागवायचे असेल तर मला मारूनच टाक, असे तो परमेश्वराला तोंडावर म्हणतो. लोकांच्या कोणत्याही कुरकुरीपेक्षा हे बोलणे अधिक कडवट आहे. त्याबद्दल मोशेला साधी ताकीदही मिळालेली नाही. त्याला सत्तर वडील मिळाले, आणि ओझे वाटले गेले. आपल्या ओठांवर जे शब्द आले त्यांच्याविषयी म्हणाल, तर ९० वे स्तोत्र काढून त्याचे शीर्षक पाहा. ते ‘मोशेची प्रार्थना’ आहे, आणि त्याच्या तेराव्या वचनात परमेश्वराला परत येण्याची विनवणी करताना हाच ‘किती काळ’ विचारलेला आहे. अरण्याचा अर्थ सांगणाऱ्याने ज्याच्या नावावर ते अरण्य आहे त्या माणसाची प्रार्थना तरी वाचलेली असावी, एवढी अपेक्षा गैर नाही.

आता आपल्या पतींपुरते बोलू. एखादा माणूस अरण्यात आहे यावरून तो दोषी आहे असे ठरवता येते का? कादेश येथील निकालात परमेश्वर सांगतो की वीस वर्षांवरील पिढी अरण्यात मरून पडेल, आणि तुमची मुले तुमच्या अविश्वासाचा भार वाहत चाळीस वर्षे रानात मेंढरे चारतील. ते गणना १४:३३ आहे. त्या छावणीत दुधपिती मुले होती, आणि पुढच्या अडतीस वर्षांत तेथेच जन्मलेली, मिसर कधी न पाहिलेली हजारो मुले होती. त्यांनी कोणता पुढारी नेमला होता? कालेबाचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. हेर म्हणून गेला तेव्हा तो चाळीस वर्षांचा होता, त्याने खरा अहवाल दिला, आणि पंच्याऐंशीव्या वर्षी तो यहोशवाजवळ हेब्रोन मागायला उभा राहिला. मधली पंचेचाळीस वर्षे, त्यांतील बहुतेक अरण्यातली, त्याने दुसऱ्यांच्या निर्णयापायी घालवली. कारखाना बंद पडतो तेव्हा शेकडो घरे अशाच दुसऱ्या कोणाच्या निर्णयाने रस्त्यावर येतात. कालेब अरण्यात का होता, हा प्रश्न त्या वडिलांना शांतपणे, खाजगीत विचारण्यास हरकत नाही.

लांबची वाट म्हणजे शिक्षा, हेही या वृत्तांतात टिकत नाही. निर्गमाच्या १३ व्या अध्यायाच्या १७ व्या वचनात पलिष्ट्यांच्या देशातून जाणारी वाट जवळची असताना देवाने त्यांना त्या वाटेने नेले नाही, असे म्हटले आहे, आणि त्याचे कारणही दिले आहे: लढाई पाहून लोक कचरतील आणि मिसरास परत फिरतील. तेव्हा एकाही माणसाने अजून कुरकुर केलेली नव्हती. ही वाट भूमध्य समुद्राच्या किनाऱ्याने गाझाकडे जाणारी होती. कर्नाकच्या देवळाच्या भिंतीवर फारो पहिला सेती याच्या स्वारीची चित्रे कोरलेली आहेत, त्यांत या मार्गावरील मिसरी ठाणी व विहिरी ओळीने दाखवलेल्या आहेत. तेव्हा त्या वाटेवर लढाई दिसली असती, यात शंका घेण्याचे कारण नाही. सैन्याच्या चौक्यांमधून बायकापोरांना नेण्यापेक्षा वळसा घेणे शहाणपणाचे होते.

हे सांगताना आपल्या मुलाकडे येणे भाग आहे, कारण असा पुरावा मी एका बाजूने उचलला तर तो दुसऱ्या बाजूने बोट ठेवील, आणि त्याचा तो हक्क आहे. त्याच्याशी वाद घालू नका. त्याचे बरेचसे म्हणणे बरोबर आहे. सीनायच्या द्वीपकल्पात त्या काळी लाखो लोक अनेक वर्षे राहिल्याच्या खुणा मिळालेल्या नाहीत. कादेश-बर्ण्या म्हणून ज्या जागेकडे बहुतेक अभ्यासक बोट दाखवतात त्या तेल अल-कुदेरात येथे १९५६ मध्ये आणि पुन्हा १९७६ ते १९८२ या काळात उत्खनन झाले, आणि तेथे जे किल्ले सापडले ते पुढच्या, राजांच्या काळातील आहेत. प्रवासाचे शतकही निश्चित नाही: १ राजे ६:१ मधील ४८० वर्षे मोजली तर तो इ.स.पू. पंधराव्या शतकात जातो, आणि निर्गमाच्या पहिल्या अध्यायातील रामसेस या नगराचे नाव धरले तर तेराव्या शतकात येतो. सीनाय डोंगर नेमका कोणता, यावरही एकमत नाही. आज यात्रेकरू चढतात तो जबल मूसा आणि त्याच्या पायथ्याचा, सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने बांधवलेला संत कॅथरीनचा मठ यांच्यामागे परंपरा जुनी आहे, पण ती ख्रिस्ती काळातली आहे. उलट बाजूस, फारो मेर्नेप्ताह याच्या इ.स.पू. १२०८ च्या सुमाराच्या शिलालेखात इस्राएल नावाचे लोक कनानमध्ये असल्याचा उल्लेख आहे, आणि हा शिलालेख १८९६ मध्ये सापडल्यापासून त्या लोकांचे तेव्हाचे अस्तित्व नाकारता आलेले नाही. मिसरमधून एखादा लहान समूह निघाला आणि त्याची आठवण पुढे सर्व राष्ट्राची आठवण झाली, असे मानणारे अभ्यासक बरेच आहेत. वृत्तांत जसा आहे तसा घडला असे मानणारेही आहेत.

आकड्यांच्या बाबतीत मुलाला शास्त्रातच पुरेसे काम आहे. गणनेच्या पहिल्या शिरगणतीत लेवी वगळून वीस वर्षांवरील पुरुष ६,०३,५५० आहेत, आणि तिसऱ्या अध्यायात एक महिन्यावरील सर्व प्रथमजन्मे मुलगे आहेत २२,२७३. भागाकार केला तर प्रत्येक ज्येष्ठ मुलामागे सत्तावीस प्रौढ पुरुष येतात, मग एकेका घरात भाऊ किती मानायचे? त्याच लोकांना अनुवादाचा सातवा अध्याय सर्व राष्ट्रांत संख्येने कमी म्हणतो. हे कोडे नास्तिकांनी शोधलेले नाही. श्रद्धावान भाष्यकार त्यावर पिढ्यान्‌पिढ्या विचार करत आले आहेत. मुलासोबत बसून ही गणिते करावीत, असे मी म्हणेन. ‘पुरावा नाही, म्हणून रडू नकोस’ हे त्याचे वाक्य खरे तर इतिहासाचे नाही, ते आईच्या काळजीचे आहे, आणि तसेच ते ऐकावे. दीड वर्षाची बेकारी घडलीच नाही, असे तोही म्हणणार नाही.

मूळ प्रश्न उरतो की हा वृत्तांत कशासाठी वाचायचा. या बाबतीत पवित्र शास्त्राने एकच उत्तर दिलेले नाही, आणि वर्गात सांगण्यासारखी सर्वांत मोलाची गोष्ट मला हीच वाटते. स्तोत्रसंहितेतील १०५ वे व १०६ वे स्तोत्र शेजारी शेजारी आहेत. पहिल्यात लोकांनी मागितले आणि देवाने लावे आणले, खडक फोडला, नद्या वाहिल्या. कुरकुरीचे नाव नाही. दुसऱ्यात वासरू, दाथान, मरीबा, सगळे पापांचे पाढे आहेत. होशेय या संदेष्ट्याला अरण्य म्हणजे देवाने आपल्या लोकांशी पुन्हा प्रेमाने बोलावे अशी जागा वाटते, यिर्मयाला तो नव्या संसाराच्या निष्ठेचा काळ वाटतो, आणि यहेज्केलाच्या विसाव्या अध्यायात त्याच काळाबद्दल एक शब्दही चांगला नाही. अनुवादाच्या आठव्या अध्यायात चाळीस वर्षे ही नम्र करणारी, पारखणारी शाळा आहे, आणि दुसऱ्या अध्यायात त्याच वर्षांबद्दल तुला कशाचीही वाण पडली नाही, असा निर्वाळा आहे. हे सगळे एकाच ग्रंथाच्या दोन पुठ्ठ्यांमध्ये आहे. जो कोणी यांतला एकच सूर काढून दुसऱ्याच्या घरात वाजवतो, त्याने हे वाद्य पुरते पाहिलेले नाही.

प्रभू येशूने ही गोष्ट कशी वाचली, हे मत्तयाच्या चौथ्या अध्यायात आहे. चाळीस दिवसांच्या उपासानंतर सैतानाला दिलेली तिन्ही उत्तरे अनुवादाच्या सहाव्या व आठव्या अध्यायांतील, म्हणजे मोशेच्या अरण्याविषयीच्या भाषणातील आहेत. अरण्यातील वचने येशूने स्वतःला लावून घेतली. शास्त्रवचने दुसऱ्यावर फेकण्याचे काम त्या प्रसंगात दुसराच कोणीतरी करतो. इब्री लोकांस पत्र लिहिणाराही ९५ व्या स्तोत्राच्या आधारे इशारा देतो, पण आज, आपण, आपल्यापैकी कोणी, असे म्हणत स्वतःला त्यात धरतो. त्या वडिलांनी केलेला आध्यात्मिक अर्थ ही काही नवी टूम नाही, हेही सांगितले पाहिजे. तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती भाष्यकाराने गणनेच्या ३३ व्या अध्यायातील बेचाळीस मुक्काम हे आत्म्याच्या वाटचालीचे टप्पे मानले होते. ओरिजेनच्या त्या वाचनात मुक्काम हा प्रगतीचा आहे. कोणाच्या घरची अडचण मोजण्याची ती पट्टी नाही.

जूनच्या वर्गासाठी दोन-तीन गोष्टी सुचवते. मान्न्याचा पाठ घाईने उरकू नका. तो धण्यासारखा होता, निर्गमात त्याची चव मध घातलेल्या पोळीसारखी आहे, पण गणनेच्या ११ व्या अध्यायात लोक तो गोळा करून जात्यात दळत, उखळात कुटत, भांड्यात शिजवत आणि त्याच्या पोळ्या करत. आकाशातून पडलेल्या अन्नालाही दळण-कांडण चुकले नव्हते, आणि ते कोणी केले असेल हे मुलींना विचारा. साठवलेल्या मान्न्यात किडे पडले, ज्याने फार गोळा केला त्याला जास्त झाला नाही आणि ज्याने थोडा गोळा केला त्याला कमी पडला नाही. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात हेच वचन यरुशलेमेतील गरिबांसाठी वर्गणी मागताना वापरले आहे. सीनायमध्ये झाऊच्या झाडांवरील किड्यांपासून गोड दाणे तयार होतात आणि लावे समुद्र ओलांडून थकून खाली उतरतात, ही माहिती मोठ्या मुलांना द्यायला हरकत नाही. शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट का मिळे, हे त्यातून उलगडत नाही, एवढे ती मुले स्वतःच सांगतील.

तक्रारीचा पाठ घ्याल तेव्हा गणनेचा २७ वा अध्याय अवश्य घ्या. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा या सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे, सर्व सरदारांपुढे, दर्शनमंडपाच्या दाराशी उभ्या राहतात आणि म्हणतात की आमचा बाप अरण्यात मेला, त्याला मुलगा नाही, म्हणून त्याचे नाव का जावे, आम्हांला वतन द्या. परमेश्वराचे उत्तर आहे की त्यांचे म्हणणे बरोबर आहे, आणि त्यांच्यामुळे वारशाचा नियम बदलतो. त्याआधी नवव्या अध्यायात प्रेताला शिवल्यामुळे वल्हांडण (मिसरमधील सुटकेचा सण) चुकलेली माणसे ‘आम्हांलाच का मागे ठेवता’ अशी तक्रार घेऊन येतात, आणि त्यांच्यासाठी महिनाभराने दुसरा वल्हांडण ठरतो. दोन्ही प्रसंग त्याच अरण्यप्रवासातले आहेत.

ज्या लोकांची ही गोष्ट आहे ते ती कशी सांगतात, हेही मुलांच्या कानावर पडावे, आणि त्यासाठी दूर जायला नको. कोकणातून आलेल्या, घरात मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल या यहुदी कुटुंबांत वल्हांडणाच्या रात्री निर्गमाची कथा वाचली जाते. तिचा विधी हिब्रू आणि मराठीत एकत्र छापलेला ग्रंथ १८७४ मध्ये पुण्यातून निघाला होता. यहुदी परंपरेचा दंडक असा की प्रत्येक पिढीतील माणसाने आपण स्वतःच मिसरमधून निघालो असे मानावे. अनुवादाच्या २६ व्या अध्यायात पहिले पीक आणणारा शेतकरीही मिसरी लोकांनी ‘आम्हांला’ छळले, असेच म्हणतो, आणि दलित ईश्वरविज्ञानाची मांडणी करताना अरविंद निर्मळ यांनी याच कबुलीचा आधार घेतला होता. ‘ते’ ऐवजी ‘आम्ही’ म्हणून वाचल्यावर कुरकुर करणारे लोक इतके परके राहत नाहीत.

आपल्या पतींना उपासनेला येण्याचा आग्रह सध्या करू नका. पाळकांना एकट्याने भेटा, घडले ते सांगा, आणि त्या वडिलांना सभेत उलट उत्तर देण्याऐवजी पाळकांनी त्यांच्याशी बोलावे, अशी विनंती करा. मंडळीकडे मात्र एक मागणी स्पष्ट शब्दांत ठेवा. मोशेच्या तक्रारीवर जे सत्तर जण दिले गेले ते ओझे उचलण्यासाठी होते. आपल्या मंडळीत कारखान्यांतून, दुकानांतून, कचेऱ्यांतून काम करणारी किती तरी माणसे असतील, त्यांनी आपापल्या ठिकाणी चौकशी करावी, मुलाच्या फीची या वर्षापुरती सोय पाहावी, आणि प्रार्थनेसाठी घरी यावे तेव्हा उपदेश दाराबाहेर ठेवावा. गणनेच्या १२ व्या अध्यायात मोशेची बहीण मिर्याम स्वतःच्या चुकीमुळे सात दिवस छावणीबाहेर होती, आणि ती परत येईपर्यंत लोकांनी तळ हलवला नाही, असे १५ व्या वचनात आहे. पाळकांना भेटायला जाल तेव्हा हे वचन सोबत न्या. आपल्या पतींची तर काही चूकही नाही.